मूत्राशयातील वरवरची गाठ : दुर्बिणीतून होणारी विद्युत-शस्त्रक्रिया आणि तिच्या आधी-नंतरचा क्रम

मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ, जी बहुधा कर्करोगाची असते, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून, विजेच्या तारेने कापून काढण्याची शस्त्रक्रिया आज बेळगाव, मिरज, कोल्हापूर आणि हुबळी येथे नित्य होते. तरीही निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या भागातील रुग्णांच्या बाबतीत एकच चूक वारंवार होताना दिसते. ऑपरेशन झाले, नळी निघाली, लघवी स्वच्छ झाली, की आजार संपला असे समजून घरची मंडळी फाइल कपाटात ठेवून देतात, आणि वर्ष-दीड वर्षाने पुन्हा रक्त दिसते तेव्हा आजार खोलवर गेलेला असतो. वरवरची, म्हणजे मूत्राशयाच्या स्नायूत न शिरलेली, गाठ पुन्हा उगवण्याची शक्यता मोठी असते आणि शस्त्रक्रिया ही उपचाराची एक पायरी असते. तिच्या आधीची तयारी, काढलेल्या तुकड्याचा अहवाल आणि नंतरच्या तपासण्या यांचा क्रम चुकला, तर चांगल्या हातांनी केलेले कामही वाया जाते.

हा लेख रुग्णासाठी आहे, आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊन फाइल सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी तर विशेषच आहे. औषधाची मात्रा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय मूत्रविकारतज्ज्ञांचाच राहील. कोणत्या पायरीवर काय विचारायचे, काय तपासून घ्यायचे आणि काय टाळायचे, एवढेच येथे क्रमाने सांगितले आहे.

टप्पा १ : लघवीतील रक्ताला उष्णता समजू नये

या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा वेदनेशिवाय होते. लघवी एखाद्या दिवशी लालसर किंवा चहासारखी होते, दुसऱ्या दिवशी आपोआप स्वच्छ होते, आणि नेमके हेच रुग्णाला फसवते. 'उन्हाळी लागली', 'अंगात उष्णता झाली', 'मुतखडा असेल' असे म्हणून सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी किंवा कोकम घेतले जाते, रक्त थांबते, आणि ते औषधाने थांबले असा समज होतो. वास्तविक गाठीतून येणारे रक्त अधूनमधून येते आणि काही न करताही थांबते.

चाळिशी ओलांडलेल्या कोणाही स्त्री-पुरुषाला लघवीतून डोळ्यांना दिसेल असे रक्त एकदा जरी गेले, तरी तपासणी झालीच पाहिजे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर एक दिवसही थांबू नये, कारण मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वात मोठे ज्ञात कारण धूम्रपान हेच आहे. धुरातील घातक रसायने रक्तातून मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीत मिसळून तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. निपाणी परिसर विडीच्या तंबाखूचा असल्यामुळे विडी येथे हाताशी असते, आणि 'एवढी वर्षे ओढली, काही झाले नाही' हे वाक्यही वारंवार ऐकू येते. रंगकामातील काही रसायनांशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्या कामगारांनाही हा धोका असतो. म्हणून पूर्वीचे काम कोणते होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

सावधान: स्त्रियांच्या बाबतीत उशीर अधिक होतो. लघवीतील रक्त हे पाळीचे किंवा जंतुसंसर्गाचे मानून अँटिबायोटिकचे कोर्स एकामागून एक दिले जातात. लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडले नसतील, किंवा औषधाचा कोर्स पूर्ण झाल्यावरही रक्त दिसत असेल, तर आणखी एक कोर्स घेण्याऐवजी मूत्रविकारतज्ज्ञांकडे जावे.

टप्पा २ : गाठ आहे की नाही, हे ठरवण्याचा क्रम

पहिली तपासणी सोनोग्राफीची असते आणि तिथेच पहिली गफलत होते. मूत्राशय पूर्ण भरलेले नसेल, तर त्याच्या भिंती एकमेकींना चिकटून राहतात आणि लहान गाठ दिसत नाही. गावाहून पहाटेची बस पकडून आलेला रुग्ण सोनोग्राफी केंद्रावर पोहोचताच लघवीला जाऊन येतो आणि मग 'सगळे नॉर्मल' असा अहवाल हाती पडतो. तपासणीच्या आधी तास-दीड तास पाणी पिऊन लघवी रोखून धरावी आणि तीव्र भावना झाल्यावरच टेबलावर जावे.

सोनोग्राफी स्वच्छ आली तरी प्रश्न संपत नाही. अस्तराला सपाट चिकटून असलेला कर्करोग, ज्याला डॉक्टर सीआयएस म्हणतात, तो सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणून रक्त गेलेल्या रुग्णाची सिस्टोस्कोपी, म्हणजे मूत्राशयात बारीक दुर्बीण घालून केलेली तपासणी, टाळता येत नाही. ती सुन्न करणारी जेली घालून होऊ शकते आणि तिला सहसा काही मिनिटेच लागतात. तिच्यासोबत लघवीतील पेशींची तपासणी केली जाते. मूत्रपिंड आणि मूत्रनलिका यांचे अस्तरही त्याच जातीचे असल्यामुळे अनेकदा सीटी युरोग्राफीही, म्हणजे रंगद्रव्य देऊन काढलेला त्या भागाचा सीटी स्कॅनही, सांगितली जाते. सीटीच्या आधी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक, तपासलेले असावे, कारण शिरेतून दिले जाणारे रंगद्रव्य दुबळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते.

पडताळणी: शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी फाइलमध्ये सोनोग्राफी किंवा सीटीचा अहवाल, त्याची फिल्म किंवा सीडी, लघवीचे कल्चर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, साखर आणि ईसीजी एवढे कागद असावेत.

टप्पा ३ : खर्च, योजना आणि भाषा

हे काम भरती होण्याआधीचे आहे. कर्नाटकातील रहिवाशांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेचा आधार मिळतो. बीपीएल कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के रक्कम मिळते. तातडीचा प्रसंग सोडला तर खासगी रुग्णालयात या योजनेतून उपचार घेण्यासाठी सरकारी रुग्णालयाचे शिफारसपत्र लागते. लोक आधी भरती होतात आणि बिल हाती आल्यावर कार्ड पुढे करतात. त्या वेळी फार काही करता येत नाही. शिफारसपत्र आणि पूर्वमंजुरी हातात आल्यावरच तारीख निश्चित करावी.

महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली आहे. मिरज किंवा कोल्हापूरला शस्त्रक्रिया करायची असेल, तर आपले गाव त्या यादीत आहे का, कोणता दाखला लागतो आणि निवडलेले रुग्णालय योजनेत आहे का, या तीन गोष्टी रुग्णालयातील योजनेच्या कक्षात निघण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात.

भाषेचा प्रश्न मला कागदपत्रांइतकाच महत्त्वाचा वाटतो. सीमाभागात केसपेपर इंग्रजीत, संमतीपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत, आणि रुग्ण मराठी, ही नेहमीची स्थिती आहे. अंगठा किंवा सही देण्याआधी संमतीपत्रातील मजकूर मराठीत समजावून सांगण्याची विनंती करावी. हा रुग्णाचा हक्क आहे आणि डॉक्टरांनाही त्यात गैर वाटत नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशयाला भोक पडणे, पुन्हा शस्त्रक्रिया लागणे आणि गाठ परत येणे, या पाच शक्यतांचा उल्लेख त्या बोलण्यात आलाच पाहिजे.

टप्पा ४ : औषधे आणि शरीराची तयारी

ऐन वेळी शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाण्याची बहुतेक कारणे याच टप्प्यात दडलेली असतात, म्हणून तो घाईने उरकू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा विषय सर्वात आधी काढावा. क्लोपिडोग्रेल सामान्यतः ५ ते ७ दिवस आधी, वॉरफेरिन सुमारे ५ दिवस आधी आणि नव्या प्रकारच्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवल्या जातात, तर कमी मात्रेची ॲस्पिरिन काही रुग्णांत चालूही ठेवली जाते. मात्र हे आकडे पाहून कोणीही स्वतःहून गोळी बंद करू नये. हृदयात अलीकडे स्टेंट बसवलेला असेल, तर गोळी थांबवल्याने तो बंद पडून जिवावर बेतू शकते. हृदयाच्या डॉक्टरांकडून 'कोणती गोळी, कोणत्या तारखेला बंद, कोणत्या तारखेला सुरू' असे लेखी घेऊन ते फाइलला लावावे. गोळ्यांची नावे सांगता येत नसतील, तर रिकाम्या पट्ट्यांसह सगळ्या गोळ्या पिशवीत घालून नेणे उत्तम.

मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या गोळ्या साधारण ३ दिवस आधी थांबवाव्या लागतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या, तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. ही गोष्ट अजून पुष्कळ ठिकाणी विचारली जात नाही, म्हणून ती आपणच सांगावी.

लघवीत जंतुसंसर्ग असेल, तर तो आधी बरा केला जातो. संसर्ग असताना पाण्याच्या दाबाखाली मूत्राशयात काम केले, तर जंतू रक्तात शिरून थंडी-तापाचा गंभीर झटका येऊ शकतो. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे भरतीच्या आदल्या दिवशी दिलेला नमुना उपयोगाचा नसतो.

विजेच्या प्रवाहामुळे आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हृदयात पेसमेकर असेल, तर ते आधीच सांगावे, म्हणजे त्याची तपासणी आणि आवश्यक ते बदल करून ठेवता येतात. खुब्यात किंवा मांडीत रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असेल, तर शरीरातून वीज परत नेणारा, मांडीवर चिकटवायचा पॅड दुसऱ्या बाजूला लावला जातो. अंगावर कोणताही धातू ठेवू नये. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या लोक काढतात, पण कमरेचा चांदीचा करदोटा आणि दंडातील ताईत राहून जातो. आदल्या रात्री घरीच तो काढून ठेवावा. श्रद्धेपोटी सोडवत नसेल, तर भूलतज्ज्ञांशी आधी बोलावे, लपवू मात्र नये.

शस्त्रक्रियेआधी ६ तास अन्न, दूध किंवा चहा घेऊ नये. साधे पाणी २ तास आधीपर्यंत चालते, मात्र रुग्णालयाने याहून कडक सूचना दिली असेल तर तीच पाळावी. विडी सुटलीच पाहिजे. भूल देताना आणि नंतरच्या खोकल्यात त्याचा लगेच फरक पडतो, आणि विडी चालू राहिली तर गाठ परत येण्याचा धोकाही वाढतो.

टप्पा ५ : टेबलावर काय घडते

पोटावर कोठेही चीर नसते. रुग्णाचे पाय आधारावर ठेवून मूत्रमार्गातून रिसेक्टोस्कोप नावाची दुर्बीण आत सरकवली जाते आणि तिच्या टोकाशी असलेल्या तारेच्या कडीतून वीज सोडली जाते. एका प्रकारच्या प्रवाहाने ऊती कापली जाते, तर दुसऱ्या प्रकारच्या प्रवाहाने रक्तवाहिनी भाजून बंद केली जाते. मोनोपोलर पद्धतीत वीज कडीतून शरीरात शिरते आणि मांडीवरील पॅडमधून परत जाते, म्हणून मूत्राशयात वीज वाहून न नेणारे द्रव, बहुधा ग्लायसीन, वापरावे लागते. बायपोलर पद्धतीत प्रवाह उपकरणातच परततो आणि साधे सलाइन चालते. दोन्ही पद्धती योग्य हातात चांगल्या आहेत. बायपोलर यंत्र नाही एवढ्याच कारणाने जवळचे आणि अनुभवी रुग्णालय सोडून दूर धावण्यात मला अर्थ दिसत नाही.

प्रथम संपूर्ण मूत्राशय पाहून गाठी किती, केवढ्या आणि कोठे आहेत याची नोंद होते. वरवरची गाठ पुष्कळदा फुलकोबीच्या तुऱ्यासारखी बारीक देठावर उभी असते. लहान गाठ शक्यतो बुडख्यासकट एकसंध काढली जाते. मोठी गाठ आधी वरचा तुरा, मग बुडाचा स्नायूसह भाग आणि शेवटी कडा, अशा क्रमाने तुकड्यांत काढली जाते. बुडाचा स्नायू तुकड्यात येणे हा या शस्त्रक्रियेचा कणा आहे, कारण गाठ स्नायूत शिरली आहे की नाही, हे त्यावरूनच कळते.

भुलीबाबत एक आग्रह नातेवाइकांनी धरू नये. 'कमरेखालचीच भूल द्या, पूर्ण बेशुद्ध करू नका' असे अनेक जण सांगतात. मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीलगत मांडीच्या स्नायूंना जाणारी ऑब्ट्युरेटर नस असते. तिथे कापताना वीज त्या नसेला चेतवते, मांडी अचानक झटका देते आणि कडी भिंतीच्या आरपार जाऊ शकते. कमरेतून दिलेल्या भुलीने हा झटका थांबत नाही. त्यासाठी स्नायू शिथिल करून पूर्ण भूल द्यावी लागते किंवा ती नस वेगळी सुन्न करावी लागते. निवड भूलतज्ज्ञांवर सोडावी.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: 'शस्त्रक्रियेनंतर २४ तासांच्या आत मूत्राशयात औषधाचा एक डोस देण्याचा विचार आहे का?' मायटोमायसिन, एपिरुबिसिन किंवा जेमसायटाबिनचा असा एकच डोस कमी आणि मध्यम धोक्याच्या गाठी परत येण्याचे प्रमाण घटवतो. मूत्राशयाला भोक पडल्याची शंका असेल किंवा रक्तस्राव जास्त असेल, तर तो देत नाहीत. औषध ऐन वेळी उपलब्ध नसल्यामुळे संधी हुकते, म्हणून हे आदल्या दिवशीच ठरवावे.

टप्पा ६ : काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पोहोचवणे

लहान रुग्णालयांत तुकड्याची बरणी नातेवाइकाच्या हाती देऊन 'लॅबमध्ये द्या' असे सांगितले जाते. ती दवाखान्याच्या बाहेर नेण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. तुकडे फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ते टिकवणाऱ्या द्रवात, पूर्ण बुडालेले असावेत. पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होत जातो. बरणीवर रुग्णाचे नाव, वय, तारीख आणि जागा लिहिलेली असावी. गाठीचा तुरा आणि बूड वेगळ्या बरण्यांत असतील, तर त्या दोन्ही पोहोचाव्यात. सोबतच्या चिठ्ठीवर दुर्बिणीतून काय दिसले, हे डॉक्टरांनी लिहिलेले असावे.

सावधान: 'एक तुकडा इथल्या लॅबला, एक तुकडा मिरजेला' अशी वाटणी स्वतः करू नये. दुसरे मत हवे असल्यास त्याच प्रयोगशाळेतून मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या नंतर मागून घेता येतात.

टप्पा ७ : नळी आणि धुलाई

शस्त्रक्रियेनंतर तीन तोंडांची नळी असते. एका तोंडाने सलाइन आत जाते, दुसऱ्याने लघवी आणि रक्त बाहेर येते आणि तिसऱ्यातून फुगा भरलेला असतो. सलाइनचा वेग परिचारिका बाहेर येणाऱ्या द्रवाच्या रंगावर ठरवतात. फिकट गुलाबी रंग चालतो, गडद लाल रंग किंवा गुठळ्या दिसल्यास लगेच सांगावे.

रात्री रुग्णाजवळ बसणाऱ्या व्यक्तीने एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची आहे: आत जाते तेवढे बाहेर येते का. बाहेरची पिशवी भरल्यामुळे, नळी रुग्णाच्या मांडीखाली दबल्यामुळे किंवा गुठळी अडकल्यामुळे बाहेरचा प्रवाह थांबतो आणि आतले सलाइन चालूच राहते. मूत्राशय फुगते, रुग्ण तळमळतो आणि नुकतीच कापलेली भिंत ताणली जाते. अशा वेळी आधी आत येणाऱ्या सलाइनची चकती बंद करावी आणि मग परिचारिकेला हाक मारावी. 'सलाइन बंद करू नका असे सांगितले होते' म्हणून वाट पाहत बसणे ही येथील सर्वात त्रासदायक चूक आहे. नळी असतानाही लघवी लागल्याची भावना फुग्यामुळे होते, पण पोट फुगलेले असेल तर ती नुसती भावना समजू नये.

नळी बहुतेकांची एक ते तीन दिवसांत निघते. कापलेला भाग खोल असेल किंवा भिंतीला भोक पडले असेल, तर ती जास्त दिवस ठेवतात.

पडताळणी: नळी काढल्यावर रुग्णाला स्वतःहून लघवी झाल्याशिवाय रुग्णालय सोडू नये. जांबोटी किंवा नंदगडच्या वाटेवर रात्री लघवी अडली, तर जवळ कोणी नसते.

टप्पा ८ : घरचे पहिले काही आठवडे

हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी प्यावे. शौचाला जोर लागू नये म्हणून पालेभाजी, फळे आणि भरपूर पाणी यांच्यासोबत गरज पडल्यास डॉक्टरांनी सांगितलेले रेचक घ्यावे. तीन-चार आठवडे जड उचलू नये. भाताची रोपणी, उसाची तोडणी, मोटारसायकलवरून खडबडीत रस्त्याने फिरणे, हे सगळे त्यातच आले.

साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी भाजलेल्या जागेवरची खपली सुटते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. थोडे रक्त येऊन पाणी वाढवल्यावर ते थांबत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र गुठळ्या पडणे, लघवी अडणे, थंडी वाजून ताप येणे, पोट फुगून तीव्र दुखणे, पोटरी सुजणे किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले नसेल, तर विचारून घ्यावे. ती बंदच राहून गेल्याने पक्षाघात ओढवू शकतो.

टप्पा ९ : अहवाल हाती घेणे आणि वाचून घेणे

पुढचा सगळा उपचार या कागदावर उभा असतो, आणि तो आणायला कोणी जात नाही म्हणून प्रयोगशाळेत पडून राहिलेले अहवाल थोडे नाहीत. अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांकडून पुढील प्रश्नांची उत्तरे घ्यावीत आणि ती फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेवावीत.

गाठ कमी प्रतीची (लो ग्रेड) आहे की उच्च प्रतीची (हाय ग्रेड)? उच्च प्रतीची गाठ आक्रमक असते. ती अस्तरातच आहे, म्हणजे टी-ए, की अस्तराखालच्या थरात उतरली आहे, म्हणजे टी-१? तुकड्यात स्नायू आला आहे का, आणि आला असल्यास तो मोकळा आहे का? सपाट सीआयएस सोबत आहे का?

येथे एक सूक्ष्म पण फार महत्त्वाचा भेद आहे. 'स्नायूत गाठ नाही' आणि 'तुकड्यात स्नायूच नाही' ही दोन वाक्ये वरवर सारखी वाटतात. पहिल्यात दिलासा आहे. दुसऱ्यात उत्तरच मिळालेले नाही, आणि अशा वेळी बहुतेकदा पुन्हा कापून पाहावे लागते. अहवालात गाठ स्नायूत शिरलेली आढळली, म्हणजे टी-२, तर आजार वरवरचा राहिला नाही. मग मूत्राशय काढण्याची मोठी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपीसह किरणोपचार यांचा विचार होतो. तिथे पुन:पुन्हा दुर्बिणीने खरवडत राहिल्यास मौल्यवान महिने जातात.

टप्पा १० : दुसरी शस्त्रक्रिया आणि बीसीजी

टी-१ गाठ असेल, पहिल्या वेळी गाठ पूर्ण निघाली नसेल किंवा उच्च प्रतीच्या गाठीच्या तुकड्यात स्नायू आला नसेल, तर २ ते ६ आठवड्यांत त्याच जागी दुसरी शस्त्रक्रिया सुचवली जाते. नातेवाइकांना हा पहिल्या डॉक्टरांचा दोष किंवा पैसे काढण्याचा प्रकार वाटतो. तसे नाही. पहिल्या वेळी सर्व काढल्यासारखे दिसूनही खाली गाठ उरलेली सापडणे हे नेहमीचे आहे, म्हणूनच ही पद्धत रूढ झाली.

गाठ परत येण्याचा किंवा खोल जाण्याचा धोका जास्त असेल तर मूत्राशयात बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतले दुबळे केलेले जिवंत जिवाणू, सोडतात. आठवड्यातून एकदा याप्रमाणे ६ डोस, आणि पुढे उच्च धोक्याच्या रुग्णाला ठरावीक अंतराने ३ वर्षांपर्यंत तीन-तीन डोस, असा त्याचा साधारण क्रम असतो. पहिला डोस शस्त्रक्रियेनंतर किमान २ आठवडे गेल्यावरच देतात. त्या दिवशी लघवीत रक्त दिसत असेल, संसर्गाचा त्रास असेल किंवा नळी घालताना रक्त आले असेल, तर डोस पुढे ढकलणेच योग्य आहे. 'एवढ्या लांबून आलो आहोत, देऊन टाका' असा आग्रह धरू नये, कारण जिवंत जिवाणू जखमेतून रक्तात शिरू शकतात. बाळांना टोचतात ती लसही बीसीजीचीच असली, तरी तिची मात्रा अगदी वेगळी असते आणि ती येथे चालत नाही. औषध बाहेरून आणायचे असल्यास ते २ ते ८ अंश तापमानात, बर्फाच्या डब्यात आणावे. पुरवठा तुटत असल्यामुळे पुढच्या डोसची चौकशी आठवडाभर आधी करावी.

डोसच्या आधी चार तास पाणी कमी प्यावे, औषध दिल्यावर ते साधारण २ तास रोखून धरावे. त्यानंतरचे ६ तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, दर वेळी शौचकुपात ब्लीचिंगचे द्रावण टाकून १५ मिनिटे थांबून पाणी ओतावे आणि हात साबणाने धुवावेत. शेताच्या बांधावर किंवा बसस्थानकात जाण्याची वेळ येऊ नये म्हणून त्या दिवशीचा परतीचा प्रवास उशिराचा ठेवावा.

सावधान: बीसीजीनंतर एक-दोन दिवस जळजळ आणि कसकस अपेक्षित असते. त्यावर गावातील मेडिकलमधून ऑफ्लोक्सासिन, सिप्रोफ्लोक्सासिन किंवा लिव्होफ्लोक्सासिन आणून घेऊ नये, कारण ही औषधे बीसीजीलाच मारतात. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या (सुमारे १०१ फॅरनहाइटच्या) वर जाऊन दोन दिवस टिकला, तर ज्यांनी डोस दिला त्यांनाच गाठावे. दुसऱ्या डॉक्टरांकडे जावे लागलेच, तर 'मूत्राशयात बीसीजी घेतले आहे' हे पहिल्या वाक्यात सांगावे.

टप्पा ११ : दुर्बिणीच्या फेरतपासण्या

पहिली फेरतपासणी शस्त्रक्रियेनंतर ३ महिन्यांनी असते आणि ती सर्वांना लागू आहे. त्यात काही आढळले नाही, तर कमी धोक्याच्या रुग्णाची पुढची तपासणी त्यानंतर ९ महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा, अशी ५ वर्षे होते. उच्च धोक्याच्या रुग्णाची पहिली २ वर्षे दर ३ महिन्यांनी, पाचव्या वर्षापर्यंत दर ६ महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी होते. मधल्या गटाचे वेळापत्रक डॉक्टर ठरवतात. आपण कोणत्या गटात आहोत, हे विचारून घेतल्याशिवाय तारखा लिहू नयेत.

रक्त दिसत नाही म्हणून तपासणी टाळणे आणि दुर्बिणीऐवजी सोनोग्राफीवर भागवणे, या दोन चुकांनी सर्वात जास्त नुकसान होते. परतलेली गाठ लहान असताना रक्त येतेच असे नाही, आणि काही मिलिमीटरची गाठ सोनोग्राफीत सुटते. तीच दुर्बिणीत वेळेवर सापडली आणि आधीची गाठ कमी प्रतीची, अस्तरापुरती होती, तर कित्येकदा जेलीच्या भुलीवर विजेने जाळून टाकता येते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. आधीची गाठ उच्च प्रतीची असेल, तर नुसते जाळून भागत नाही. तुकडा काढून तपासावाच लागतो.

तारखा चुकतात त्या सुगीत, उसाच्या हंगामात आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेच्या दिवसांत. म्हणून पहिल्या वर्षाच्या सगळ्या तारखा घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजच लाल शाईने लिहाव्यात, आणि एखादी तारीख सणात किंवा हंगामात येत असेल, तर ती आठवडाभर अलीकडे घ्यावी, पलीकडे ढकलू नये. बेळगावात शस्त्रक्रिया आणि मिरजेत फेरतपासणी असे करायचे झाल्यास डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, तुकड्याचा अहवाल आणि शक्य असल्यास दुर्बिणीतील छायाचित्रे सोबत न्यावीत, म्हणजे नव्या डॉक्टरांना जुनी जागा नेमकी कोठे पाहायची हे कळेल. सर्व कागदांची एक छायाप्रत घरातील दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडेही ठेवावी.